फक्कीची पेठ

पहिल्याच दिवशी त्यांनी मला नकाशातून बाहेर काढलं.

मी बार्शीहून बदलून आलेला, नकाशे उतरवणारा ट्रेसर. बगलेत ट्रेसिंगच्या कापडाची गुंडाळी, पायात नव्या वहाणा. ओव्हरसियर नदीकाठच्या पडक्या धर्मशाळेत भेटतील असं ऑफिसात सांगितलं होतं, म्हणून तिथं शिरलो. आत लांबलचक दालन, मातीची जमीन, आणि त्या जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्या रेघाच रेघा. मी त्यांच्यावरून सरळ चालत गेलो. पलीकडच्या टोकाला एक म्हातारा उकिडवा बसला होता. तो वर न बघता म्हणाला, “मियाँ, चार घरं तुडवून आलात. वहाणा बाहेर काढून या, आणि येताना गल्लीनं या.”

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय कुणाच्या तरी ओसरीवर होता. वहाणा बाहेर ठेवल्या आणि तिशीतला बाप्या मी, पावलापुढं पाऊल टाकत, त्या वीतभर गल्लीतून तोल सावरत त्यांच्यापर्यंत पोचलो. तेव्हा कुठं त्यांनी तोंड वर केलं आणि गाव विचारलं. बार्शी म्हटल्यावर म्हणाले, बरं, बार्शीकर. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी माझं खरं नाव एकदाही घेतलं नाही. मला वाटतं, त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

आम्ही बार्शीचे लोक पलीकडच्या निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायचो. म्हणण्यात तुच्छता असायची, ती आता कबूल करायला हरकत नाही. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमच्यासारख्यांच्या बदल्या तिकडं व्हायला लागल्या, तेव्हा घरात रडारड झाली. परंड्याच्या बाजूचं ते गाव तसं फार लांब नव्हतं, पण मी निघालो तो काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखा. आणि तिथं जाऊन बघतो तर हे ओव्हरसियर. निजामाच्या तामीरात खात्यात, म्हणजे बांधकाम खात्यात, उभी हयात काढलेले. भर वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी, ती कोपरापाशी आणि गुडघ्यापाशी चुन्यानं पांढरी झालेली. पायात काही नाही. खिशात भाजलेल्या शेंगा. हातात चहाचा रिकामा पत्र्याचा डबा. त्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली आणि आत फक्की, म्हणजे चुन्याची भुकटी. डबा हलवत चालले की मागं रेघ पडायची. पावलं मोजायचे ती उर्दूत. जन्मानं देशस्थ, पण शाळा सगळी उर्दूतली. देवनागरी लिहायला बसले की ओळ डोंगर चढल्यागत तिरपी वर जायची. रागवायचे मात्र अस्सल मराठीत.

नदीकाठची ती पेठ एके काळी गजबजलेली होती म्हणे. रंगारी होते, विणकर होते, बालाघाटावरून उतरणाऱ्या गाड्यांचा मुक्काम तिथं पडायचा, नदीत उतरायला दगडी घाट होता. मी बघितली तेव्हा घाटाच्या पायऱ्या निसटलेल्या होत्या. नदी दर पावसाळ्यात काठ खात होती. एस.टी.चा स्टँड वरच्या माळावर झाला आणि बाजार हळूहळू तिकडं सरकला. पेठेतली निम्मी घरं कुलपात होती. काही लोक सोलापूरच्या गिरण्यांत गेले होते. काही पोलीस ॲक्शनच्या साली हैदराबादेकडं गेले ते परत आलेच नाहीत.

त्यातच जुन्या पेठा सुधारायची योजना आमच्या विकास गटाकडं आली. श्रम लोकांनी करायचे, दगड-चुना सरकारनं द्यायचा. घाट बांधायचा, काठाला भिंत घालायची, गल्ल्या मोकळ्या करायच्या आणि आठवड्याचा बाजार पुन्हा नदीच्या पटांगणात आणायचा. हुकमात एक वाक्य होतं की आराखडा लोकांनी स्वतः ठरवावा. ऑफिसात सगळ्यांनी त्याचा अर्थ बरोबर घेतला: आराखडा आपण करायचा आणि खाली लोकांचे अंगठे घ्यायचे. एकट्या ओव्हरसियरनी ते वाक्य जसंच्या तसं खरं धरलं. आणि तिथून सगळं सुरू झालं.

कागद म्हणजे पेठेतल्या लोकांना काही कळायचं नाही, म्हणून त्यांनी अख्खी पेठ धर्मशाळेच्या जमिनीवर काढली. खरी वीस पावलं म्हणजे नकाशातलं एक पाऊल. पेठ लांबीला चारशे पावलं, दालन वीस पावलं, ते बेतानं जमून गेलं. प्रत्येक घर एवढं आलं की त्यात एका माणसानं दोन्ही पाय जुळवून उभं राहावं. दर सोमवारी आणि गुरुवारी दिवस कलला की पेठेतले लोक वहाणा बाहेर काढून आत यायचे आणि आपापल्या घरात उभे राहायचे. नियम एकच. जे काय बोलायचं ते आपल्या घरात उभं राहून बोलायचं. आणि दुसऱ्याच्या घराविषयी काही म्हणायचं असलं तर आधी त्याच्या घरात जाऊन उभं राहायचं. मग बोला.

हा पोरखेळ बघायला मी पहिले काही दिवस कोपऱ्यात उभा राहायचो आणि मनातल्या मनात हसायचो. पण त्या नियमानं काय व्हायचं ते एकदा डोळ्यांनी बघितलं. पेठेच्या टोकाला एका आडत्याचं गोदाम होतं. त्याला गाड्यांसाठी सरळ रस्ता पाहिजे होता आणि तो तीन विणकरांच्या घरांतून जात होता. ओव्हरसियर त्याला म्हणाले, शेटजी, काही हरकत नाही, फक्त त्या तीन घरांत एकेकदा उभे राहा. शेटजींचं अंग भरलेलं. पहिल्या घरात उभे राहिले तर एक पाय शेजाऱ्याच्या न्हाणीत गेला. लोक हसले. दुसऱ्या घरात विणकराची बायको आधीच उभी होती, ती काही हलली नाही. शेटजी तिच्यासमोर अंग चोरून उभे राहिले, तिच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मग गाडी गल्लीनंच आणतो म्हणाले. पण तो राग त्यांनी मनात ठेवला.

रिकाम्या घरांचं काय, असं कुणी तरी विचारलं होतं. ती पाडून तिथं बाजाराचे ओटे करावेत अशी बऱ्याच जणांची इच्छा होती. ओव्हरसियर त्या दिवशी एकेका कुलूपबंद घरात जाऊन उभे राहिले. नुसते जरा वेळ उभे राहायचे, मग पुढच्या घरात. अशी सव्वीस घरं. शेवटी म्हणाले की ज्याला यायचंय त्याला घर दिसलं पाहिजे. ओट्यांची जागा त्यांनी पटांगणाच्या दुसऱ्या अंगाला काढली. त्या घरांतलं पुढं कुणीही परत आलं नाही, तो भाग वेगळा.

त्या नकाशातलं सगळ्यात जाणतं माणूस म्हणजे गोदामावशी. रंगाऱ्याची विधवा, साठी उलटलेली, हातांची नखं निळीनं कायमची निळी झालेली. तिचे गुडघे गेले होते. घाटाच्या जुन्या पायऱ्या गुडघाभर उंचीच्या, त्यामुळं तिनं नदीत उतरायचंच सोडलं होतं. तिनं नकाशातल्या घाटावर उभं राहून प्रत्येक दोन पायऱ्यांत आणखी एक पायरी मागितली. ओव्हरसियरनी फक्कीची रेघ मारली, आणि ती म्हातारी लुगडं जरा वर धरून त्या रेघांवरून खरोखर चढावं तशी चढली, उतरली, पुन्हा चढली. म्हणाली, आता जमंल.

पण ओव्हरसियरना तिचं कौतुक होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. भिंत किती उंच घ्यायची हे ठरवायला पूर कुठवर येतात ते कळायला हवं होतं. ते मावशीला तोंडपाठ. थोरलीच्या लग्नात पाणी मारुतीच्या पायाला लागलं. धाकट्याच्या बारशाला तिच्या उंबऱ्याला. नवरा गेला त्या श्रावणात नुसतं घाटाच्या चौथ्या पायरीला. ओव्हरसियर तिच्याबरोबर दारोदार फिरले आणि भिंतींवर गेरूनं खुणा केल्या. त्यांच्याकडं जुन्या खात्याची एक उर्दू वही होती, तिच्यात बारशाच्या साली आलेल्या पुराची उंची लिहिलेली होती. त्यांनी मोजून बघितलं तर मावशीचा उंबरा बोटभरानंही चुकत नव्हता. तेव्हा ती वही मिटून ते मला म्हणाले, “बार्शीकर, पेठेचं खरं दफ्तर ही बाई आहे.”

मी एकदा त्यांना विचारलं की साहेब, एवढा उपद्व्याप कशाला? कागदावर काढा, वाचून दाखवा, अंगठे घ्या, मोकळे व्हा. आम्ही नदीच्या काठावर बसलो होतो. ते शेंगा सोलत होते, टरफलं शेरवानीच्या दुसऱ्या खिशात टाकत होते. सोलता सोलताच सांगितलं. निजामाच्या काळात तरुणपणी त्यांनी एका गावाशेजारच्या तळ्याचा नकाशा केला होता. रेघ जिथं होती तिथवर पाणी येणार, हे त्यांनी गावाला वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अंगठे त्यांनीच घेतले, स्वतः शाई लावून, एकेकाचा हात धरून. पहिल्या पावसात तळं भरलं आणि पाणी रेघेपर्यंत आलं. रेघेच्या आत नऊ घरं होती. लोक म्हणाले, आम्हाला वाटलं रेघ म्हणजे कागदावरची.

“कागदावर अंगठा घेतला की माणूस गप्प बसतो,” ते म्हणाले. “मला गप्प बसलेली माणसं नको आहेत.”



आता माझं. जमिनीवरची ती पेठ कागदावर उतरवायची, तीन प्रती करायच्या, हे काम माझं होतं. माझी बदलीच त्यासाठी झालेली. लोकांचं बहुतेक ठरत आलं तेव्हा ओव्हरसियरनी मला सांगितलं की बार्शीकर, आता उतरवून घ्या. तसं लेखी पत्रही ऑफिसातून आलं. मी काय केलं? काही केलं नाही. खरं कारण सांगायचं तर मला त्या धुळीत रांगायची लाज वाटत होती. मी परीक्षा पास झालेला ट्रेसर. माझं काम उंच टेबलावर, स्वच्छ कापडावर, काळ्या शाईचं. बायाबापड्यांच्या देखत अनवाणी, ढुंगण वर करून रेघा मोजायच्या, हे माझ्या हातून होईना. रोज म्हणायचो उद्या. आणि गटविकास अधिकाऱ्यांनी विचारलं की फाईलवर लिहून द्यायचो: नकाशाची प्रत तयार होत आहे. असं मी तीन वेळा लिहिलं, खाली सही केली.

संक्रांतीनंतर कळलं की मंजुरी देणारे मोठे साहेब स्वतः पेठ बघायला येणार. तरी मी निवांत. म्हटलं, साहेब जमिनीवरचं बघतील, खूश होतील, ते गेले की दोन दिवसांत उतरवून टाकू. कुणाला कळतंय?

साहेब यायच्या आदल्या दिवशी, दुपारची वेळ. मी विहिरीपाशी पेरू घेऊन खात उभा होतो. गोदामावशी लंगडत आली. म्हणाली, साहेब येणार, तर रेघा कागदावर उतरून घेतल्या न्हवं? मला वाटलं, ही आता इथं उभी राहून चौकशा करत बसणार. पेरूचा घास तोंडात होता. मी मान हलवली आणि म्हणालो, व्हय मावशी, झालं सगळं. ती समाधानानं निघून गेली. मीही पेरू संपवून ऑफिसात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेत गेलो तर दाराशीच शेणाचा ओला वास आला. अख्खं दालन सारवलेलं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकसारखं, हात फिरवल्याच्या अर्धगोल खुणांसकट, गुळगुळीत. रेघ म्हणून औषधाला उरली नव्हती. मध्ये जिथं पटांगण होतं तिथं मोठ्ठं कमळ काढलेलं आणि त्याखाली सुस्वागतम. ते ओव्हरसियरच्याच डब्यातल्या फक्कीनं काढलं होतं. मावशी आणि पेठेतल्या आठदहा बाया नवी लुगडी नेसून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पेठेत पहिल्यांदा एवढा मोठा माणूस येणार. पाहुण्याला धुळीच्या जमिनीवर कसं घ्यायचं? रेघा कागदावर गेल्या होत्या. मग जमीन सारवायचीच. त्यांच्या जागी कुठलीही बाई हेच करती.

ओव्हरसियर माझ्या मागून आले. उंबऱ्यात थांबले. मी त्यांच्याकडं बघायचं धाडस केलं नाही, त्यांच्या पायांकडं बघत राहिलो. ते पाय जरा वेळानं हलले. ते आत गेले, पण सरळ गेले नाहीत. त्या कोऱ्या जमिनीवर ते गल्लीनं गेले. जिथं गल्ली डावीकडं वळायची तिथं वळले, मारुतीपाशी बाहेरून वळसा घातला, आणि घाटापाशी जाऊन उभे राहिले. ते बघितलं आणि भिंतीपाशी उभ्या बायांचे चेहरे उतरले. तोवर कुणालाच काही कळलं नव्हतं.

मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. ओव्हरसियरनी त्यांना सगळी पेठ फिरवून दाखवली. इथं गोदाबाईंचं घर, इथं पाणी उंबऱ्याला येतं, इथून भिंत, या तीन घरांना धक्का नाही, या पायऱ्या अशा, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला झेपतील एवढ्या. बोट दाखवत होते ते नुसत्या शेणाच्या जमिनीकडं. साहेबांच्या बरोबरचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. साहेबांनी पाचएक मिनिटं ऐकून घेतलं. मग सौजन्यानं विचारलं की नकाशाचा कागद कुठं आहे.

गटविकास अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कमळाकडं.

“कागद मीच करू दिला नाही, साहेब,” ओव्हरसियर म्हणाले. “माझा हट्ट होता. आणि ही जमीन सारवायला मीच सांगितलं.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. पुढच्या खेपेला कागद तयार ठेवा म्हणाले. मग चहा झाला, आणि ते स्टँडकडं गेले. तिथं आडत्या शेटजींनी स्टँडभोवतीच्या नव्या बाजाराचा निळा छापील नकाशा टेबलावर अंथरून ठेवला होता, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट.

पण त्या दिवशीचं मला जे रोज आठवतं ते हे नाही. साहेबांची जीप गेली, आमचे अधिकारी अजून दारातच होते, आणि गोदामावशी पुढं आली. म्हणाली, म्या काल यांना इचारलं हुतं, यांनी सांगितलं उतरून घेतलं म्हनून, तवा म्या सारवलं. सगळे माझ्याकडं वळले. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरात दोन पोरं, तिसरं पोटात. मी म्हणालो, “मावशी, आपलं काल बोलणंच झालं नाही.”

“इहिरीपाशी. तुमच्या हातात पेरू हुता.”

“नाही मावशी. मी काल तिकडं आलोच नव्हतो.”

ती माझ्याकडं बघत राहिली. चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती कपाळाला आठ्या घालून आठवत होती. खरंच आठवत होती. मग हळूच म्हणाली की झालं नसंल बोलणं, म्हातारपण हाय. आणि एका अंगाला जाऊन बसली.

ओव्हरसियरनी सारं ओळखलं होतं. त्यांनी पेरूच्या मोसमात मला पेरूशिवाय कधी बघितलं नव्हतं. तीनचार दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी आले. ते ऑफिसात कधी यायचे नाहीत, खुर्चीवर तर नाहीच. उभ्या उभ्या म्हणाले, “पेठेचं जाऊ द्या. पेठ मी पुन्हा काढीन. त्या बाईचं जे नेलंत, ते तेवढं परत करून या.”

मी जातो म्हणालो. गेलो नाही.

त्यांनी खरंच पुन्हा काढायला घेतलं. वाळलेल्या शेणावर पुन्हा पांढऱ्या रेघा. पण आता लोक येईनात. जे आले त्यांचं एकमेकांशी जमेना. भिंत कुठून ठरली होती यावर वाद व्हायचा, आणि वाद मिटवायला जिच्याकडं बघायचं ती येत नव्हती. बायका पाणवठ्यावर तिला टोमणे मारायच्या, हिनं पेठ पुसली म्हणून. भिंतींवरच्या गेरूच्या खुणाही साहेबांसाठी घरं पोतारताना बुजल्या होत्या, म्हणून ओव्हरसियर तिच्या घरी गेले, पाणी कुठवर आलं होतं ते पुन्हा विचारायला. तिनं सांगितलं नाही. म्हणाली, म्या सांगते त्येचा काय भरवसा सायेब, तुमी दुसऱ्या कुनाला इचारा. परत येताना ओव्हरसियर मला रस्त्यात दिसले. त्यांनी मला बघितलं, आणि माझ्या अंगावरून, गल्लीनं जावं तसे, पुढं निघून गेले.

त्या पावसाळ्यात नदीनं काठाची तेरा घरं नेली. घाट राहिला नाही. योजनेचे दगड स्टँडकडं उतरले. ओव्हरसियरना वयाचं कारण देऊन मोकळं करण्यात आलं, शेऱ्यात हट्टी असा शब्द होता, तो मी वाचला. माझी नोकरी कायम झाली. जायच्या दिवशी त्यांनी तो भोकाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. ते धाराशिवला पुतण्याकडं जाऊन राहिले. वर्षा-दोन वर्षांनी त्यांचं कार्ड यायचं. तिरप्या ओळीत खुशाली, आणि खाली दर वेळी तोच प्रश्न: जाऊन आलात का? मी उलट खुशाली कळवायचो. मग एक कार्ड पुतण्याच्या अक्षरात आलं. त्याच्या ओळी सरळ होत्या.

डबा अजून आमच्या घरात आहे. बायको दिवाळीत त्यानं रांगोळीच्या रेघा मारते. मी चिडतो. का, ते तिला मी सांगितलेलं नाही.

गोदामावशी मला शेवटची भेटली ती स्टँडवर. तोवर माझी धाराशिवला बदली झाली होती, तिथून कामासाठी आलो होतो. पेठेत आता कुणी राहिलं नव्हतं आणि लेक तिला कुर्डुवाडीला घेऊन चालली होती. ती एका बोचक्यावर बसलेली, नखं अजून निळी. लेक तिकिटाच्या खिडकीपाशी. मी टाळून जायला बघत होतो, पण कंडक्टरला काही तरी विचारलं आणि तिनं मला आवाजावरनं ओळखलं. दिसायला तिला कमी झालं होतं. जवळ बोलावून बसवून घेतलं, पोरांची चौकशी केली. मग म्हणाली, “बार्शीकर, येक इचारू का? राग न्हाय ना येनार? त्या दिशी इहिरीपाशी म्या तुमाला इचारलं हुतं, का न्हवतं?”

गाडी लागत होती. धूळ उडाली.

“विचारलं होतं, मावशी. मी हो म्हणालो होतो. माझ्या हातात पेरू होता.”

मी खाली मान घालून बसलो, आता ही काय म्हणते म्हणून. चांगलं बोलणार नाही हे धरूनच होतो. तिनं माझा हात चाचपून धरला.

“मग पान्याचं बी खरंच हुतं,” ती म्हणाली. “उंबऱ्याला आलतं. धाकट्याच्या बारशाला. म्या मागनं सांगायचंच सोडलं. वाटलं, त्ये बी म्याच मनानं रचलंय.”

लेक तिकिटं घेऊन आली. मी बोचकं उचलून गाडीत ठेवलं, मावशीला पायरीवर हात दिला. एस.टी.ची पायरी उंच, तिला चढवेना, आम्ही दोघांनी उचलूनच तिला वर घेतलं. ती खिडकीपाशी बसली आणि लेकीला काही तरी सांगायला लागली. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण बोटं उंबऱ्याची उंची दाखवत होती.

गाडी गेली. हे कळवायला ओव्हरसियर नव्हते. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.